माळ्यावरची ट्रंक आणि कागदातली आग

दर वर्षी गणपती बसायच्या आधीच्या रविवारी आमच्या मानपुरच्या घरी माळा उतरवला जातो. मखराचे खांब, पितळी समया, धुऊन ठेवलेले पडदे असे एकेक खाली येते आणि मुलांना वाटते की सण सुरू झाला. मागच्या वर्षी मखराच्या मागे ढकललेली पणजोबांची पत्र्याची ट्रंकही खाली आली. कुलूप गंजले होते, ते तोडावे लागले.

ट्रंकेत वरच्या थराला छापील पुस्तके होती. काही बांधीव मासिके, एक-दोन पोथ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली शाळेची पुस्तके आणि आजीची एक वही. तळाशी लाल कापडाचा रुमाल होता. त्यात मोडी लिपीतले पंधरा-वीस कागद. मला मोडी वाचता येत नाही. एका कागदावरचा शके १७६२ एवढाच आकडा लागला. म्हणजे इसवी सन १८४०. मी तो कागद भीतभीत उलगडला. वाटले, हातात चुरा येणार. पण कागद धुतलेल्या धोतरासारखा मऊ, अक्षर काळेभोर, घड्या शाबूत. मग धीर आला म्हणून १९४० च्या आसपासचे एक छापील पुस्तक उघडले. पानाचा कोपरा भाजलेल्या पापडासारखा कट्कन मोडला आणि मांडीवर तपकिरी कण सांडले.

शंभर वर्षांनी धाकटे असलेले पुस्तक मेले होते आणि खापरपणजोबांचा कागद जिवंत होता. हे असे का, याचा मी वर्षभर शोध घेतला. मी इतिहासकार नाही. बांधकामातली पदविका घेतलेला, सरकारी नोकरीतला माणूस आहे. पण हा विषय आपल्यापैकी प्रत्येकाच्या माळ्यावर पडून आहे, म्हणून स्मरणिकेसाठी हा लेख.

जुना कागद का टिकला

हाताने पोथ्या लिहिणारे लेखक पोथीच्या शेवटी बहुधा एक विनंती लिहीत: या पोथीला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. शेकडो पोथ्यांवर हा मजकूर थोड्याफार फरकाने सापडतो. यातले सगळे शत्रू बाहेरचे आहेत. कागद आतूनच स्वतःला खाईल, अशी भीती त्या लेखकांना नव्हती. असण्याचे कारणही नव्हते.

आपल्याकडे जुन्नर, दौलताबाद या भागांत हातकागद तयार होत असे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले. ताग, अंबाडी, जुन्या चिंध्या, दोरखंड यांचा लगदा करताना तो चुन्याच्या पाण्यात भिजवीत, कुटीत आणि धूत. कागद वाळल्यावर त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. त्यामुळे बोरूची शाई फुटत नसे. धागे लांब आणि चिवट, आणि धुतल्यावरही मागे थोडासा चुना राही. हा उरलेला चुनाच कागदाचा रक्षक. हवेतून किंवा हाताच्या घामातून आम्ल आले तर चुना आधी त्याला मारतो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर काम करताना चुन्याच्या भिंती शंभर-दीडशे वर्षे कशा उभ्या राहतात ते मी पाहिले आहे. तोच चुना कागदाचेही आयुष्य वाढवतो, हे मात्र मला नव्याने कळले.

शाईचेही तसेच. काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली शाई म्हणजे शुद्ध कोळसा. ती उडत नाही आणि कागदाला खात नाही. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावीत. ती किडीलाही आवडत नसे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, तो तिथला. युरोपात मायफळ आणि हिराकस यांची शाई चाले. ती आम्लधर्मी असल्याने तिकडच्या कित्येक जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी भोके पडली आहेत. आपले मोडी कागद या दुखण्यातून वाचले.

तुरटी आणि लाकूड

मग बिघडले कुठे? छापखान्यांची भूक वाढली तिथे. १८०७ मध्ये मॉरिट्झ इलिग या जर्मन कागदवाल्याने कागदाला खळ देण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची, म्हणजे प्रत्येक ताव वेगळा बुडवायला नको. काम स्वस्त आणि जलद झाले. पण गिरण्यांची ही तुरटी ओलाव्याशी मिळून हळूहळू गंधकाम्ल तयार करते. पुढे चिंध्या पुरेनात. १८४४ मध्ये फ्रीडरिश केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची युक्ती काढली. लाकडात सेल्युलोजच्या जोडीने लिग्निन नावाचे द्रव्य असते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते आणि आम्लही निर्माण करते.

कागदाची ताकद सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत असते. आम्ल त्या साखळ्या मधूनमधून तोडत जाते. साखळी आखूड झाली की पान वाकायचे सोडून मोडते. उष्णता आणि दमटपणा यांनी हे काम वेगाने होते. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की नासाडीचा वेग दुपटीच्या घरात जातो. आता उन्हाळ्यात आपल्या पत्र्याखालचा माळा किती तापतो आणि श्रावणात तिथे किती ओल धरते, ते आठवा. मी पणजोबांची ट्रंक ज्या जागी सांभाळून ठेवली होती, तीच तिच्यासाठी सगळ्यांत वाईट जागा होती.

इंदूरकरांना आग नवी नाही. आपला राजवाडा तीनदा जळला. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत, मग १८३४ मध्ये आणि १९८४ मध्ये. त्या आगी सगळ्यांना दिसल्या, म्हणून राजवाडा पुन्हा उभा करायला माणसे धावली. कागदातली आग तशी नाही. तिला ना धूर ना ज्वाळा. अमेरिकेत १९८७ साली याच विषयावर एक माहितीपट निघाला, त्याचे नावही 'मंद आग' अशाच अर्थाचे होते.

ज्यांनी वाचवले, त्यांचेच संकट

मराठीच्या बाबतीत हे दुखणे अधिक लागते, कारण आपला छापील सुवर्णकाळ आणि खराब कागदाचा काळ एकच आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले, तेव्हा सोवळ्या मंडळींना छापील पोथीचा विटाळ वाटे. शाईत चरबी असेल ही शंका, म्हणून त्यांनी तूप घालून शाई केली असे सांगतात. लोकांचे लक्ष शाईकडे होते, कागदाकडे कोणाचेच नव्हते. पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर निघाला, १८७४ मध्ये 'निबंधमाला', १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह', १८८१ मध्ये 'केसरी'. बंगालमध्ये १८८२ साली टिटागढची कागद गिरणी सुरू झाली. मराठी माणूस घरोघर वाचू लागला, तो नेमका राळ-तुरटीच्या कागदावर.

याच काळात इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत होते. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोनाड्यात. जुनी दप्तरे वाण्याच्या पुड्यांना आणि बंबाला जात होती. ती वाचवायला हा माणूस पायपीट करीत राहिला. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण बावीस झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांनी देह ठेवला आणि त्यांचा संग्रह तिथल्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातली निवडक पत्रे पंचेचाळीस भागांत काढली.

त्या पिढीचा विचार सरळ होता. मूळ कागद एकच आहे, तो नष्ट झाला तर सगळे गेले. म्हणून छापून शेकडो प्रती करा. विचार बरोबरच होता. पण ज्या कागदावर छापले तो मूळ कागदापेक्षा अल्पायुषी निघाला. आज कोणी जुन्या ग्रंथालयात त्या काळातले छापील खंड मागवले, तर पाने उलटताना श्वास रोखावा लागतो; आणि ज्या पत्रावरून ते छापले, ते पत्र रुमालात सुखरूप असू शकते.

आपल्या माळव्याकडे वळू या. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनी जे सांभाळले त्याचे मोल पुण्याच्या दप्तरापेक्षा कमी नाही. कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे उदाहरण घ्या. शिंदे-होळकर-पवारांचा राजस्थानातला व्यवहार या घराण्याच्या हातून होई. त्यांच्या दप्तरातले कागद ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळक्यांनी १९२९ पासून 'शिंदेशाही इतिहासाची साधने' या मालेत प्रसिद्ध केले. हेच गुळगुळे दप्तर आज अभ्यासकांना मंदसौर जिल्ह्यातल्या सीतामऊच्या श्री नटनागर शोध संस्थानात पाहायला मिळते. महाराजकुमार रघुवीरसिंहांनी १९७४ मध्ये ही संस्था स्थापन केली. स्वतः राजपूत राजकुमार, पण मराठी कागदांसाठी त्यांनी आयुष्यभर खर्च आणि खटपट केली. सर यदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या मंडळीतलेच ते. इंदुरातही १९४४ च्या सुमारास वा. वा. ठाकुरांनी 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' संपादून काढली. साल पाहा. दुसरे महायुद्ध चालू, कागदावर सरकारी नियंत्रण, मिळेल त्या कागदावर छापायचे. त्या सालांतली आपल्या घरातली पुस्तके काढून पाहिली तर बहुतेकांची पाने चहाच्या रंगाची झालेली दिसतील.

आपल्या घाटाखाली, निमाडात, नेपानगरला देशातली पहिली वर्तमानपत्री कागदाची गिरणी उभी राहिली. पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये ती राष्ट्राला अर्पण केली. सलईचे लाकूड आणि बांबू यांपासून तिथे कागद होई. देशाला तेव्हा त्याची गरजच होती. पण वर्तमानपत्राचा कागद एका दिवसासाठी केलेला असतो. तो आपण पुस्तकांना कव्हर म्हणून घालतो, ट्रंकेत अंथरतो, लग्नाच्या बातमीचे कात्रण म्हणून पोथीत ठेवतो. त्यातले आम्ल शेजारच्या चांगल्या पानातही उतरते. आमच्या ट्रंकेतल्या एका पोथीवर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन अगदी आखून काढल्यासारखा उमटला आहे.

उपाय कोणी शोधला

अमेरिकेत रिचमंडला विल्यम बॅरो नावाचा कागद दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याचेही औपचारिक शिक्षण फार नव्हते. पुस्तके ठिसूळ होतात ती हवेने की आतल्या आम्लाने, याचा त्याने छडा लावला. १९०० ते १९४९ या काळात छापलेल्या पाचशे पुस्तकांचे कागद तपासून १९५९ मध्ये त्याने सांगितले की त्यांतल्या ९७ टक्के पुस्तकांचे उपयोगी आयुष्य पन्नास वर्षांहून जास्त नाही. त्यावर त्याचा उतारा काय? चुना. चुन्याच्या निवळीत पान बुडवायचे, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात. आम्ल मरते आणि थोडी चुनखडी मागे राहून पुढच्या आम्लाशी लढते. आपल्या कागदीवाल्यांच्या हातून जे सहज घडत होते, तेच जगाने दीडशे वर्षांच्या नुकसानीनंतर पुन्हा शिकून घेतले.

आता बिनपाण्याच्या रीतीही आहेत. मॅग्नेशियम ऑक्साइडचे बारीक कण पानावर बसवून मोठ्या ग्रंथालयांत एका वेळी पुष्कळ पुस्तकांवर इलाज करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० च्या दशकात यंत्राशिवाय, हातानेच, सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म ॲसिटोनने बसवून जर्जर कागद सांधण्याची स्वस्त पद्धत बसवली गेली आणि ती परदेशातही पोहोचली. आज छपाईचा बराच चांगला कागद चुनखडीची पूड घालून केलेला असतो, त्यामुळे पुढच्या पिढीची चिंता थोडी कमी. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आम्ल काढल्याने नासाडी थांबते, गेलेली ताकद परत येत नाही. पापड झालेले पान पुन्हा धोतर होत नाही. म्हणून उपाय वेळेवर हवा.

हस्तलिखितांसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. त्यात निदान पंचाहत्तर वर्षे जुनी हस्तलिखिते येतात, छापील पुस्तके येत नाहीत. मोठ्या ग्रंथालयांत आहेत ती पुस्तके कोणीतरी पाहील. पण इंदूर, धार, देवास, महू इथल्या घरांतून छापलेली छोटी चरित्रे, कुलवृत्तांत, मंडळांचे अहवाल, जुन्या गणेशोत्सवांच्या स्मरणिका? यांच्या मोजक्याच प्रती निघाल्या होत्या. त्या आपल्याच कपाटात आहेत किंवा कुठेच नाहीत.

हे फक्त इतिहासाचेही काम नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या रेकॉर्ड रूमच्या छताचे अंदाजपत्रक करायला गेलो होतो. एक म्हातारा शेतकरी नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या वास्तव्याचा पुरावा शोधत आला होता. बाबूंनी बस्ता सोडला, रजिस्टर मिळाले, साल मिळाले. पान उलटताना मधूनच तुटले आणि नेमका कडेचा रकाना खाली पडून चुरा झाला. बाबूंचा दोष नव्हता, त्यांनी हळूच धरले होते. म्हातारा म्हणाला, "साहेब, माझे नाव त्यात होते ना?" कोणालाच उत्तर देता आले नाही. मी छताचे माप घेतले आणि परत आलो. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माझ्या हातून झालेली चूक

आता आजीच्या वहीबद्दल. तिने साध्या शाळेच्या वहीत, निळ्या-काळ्या शाईने, ओव्या, लोणच्यांची मापे आणि घरातली जन्मटिपणे लिहिली होती. पहिल्याच पानावर तिच्या माहेरची हकीकत होती. तिचे आजोबा कोणत्या गावाहून कोणाबरोबर नर्मदा ओलांडून आले ते. मी बारावीत असताना ते पान सुटायला लागले. मी मोठ्या मायेने त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. आता पट्टी सुकून निघून आली आहे, गोंद मधासारखा पिवळा होऊन कागदात मुरला आहे आणि अक्षर त्यात बुडाले आहे. गावाचे नाव वाचता येत नाही. विचारायला आजी नाही, तिची भावंडे नाहीत. खापरपणजोबांचा १८४० चा कागद आहे, आणि आजीने माझ्या वडिलांच्या जन्मानंतर लिहिलेले एक पान नाही.

म्हणून तज्ज्ञ मंडळींकडून विचारून घेतलेल्या चार गोष्टी लिहितो.

जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. दुकानातले लॅमिनेशन उष्णतेने चिकटवलेले असते, ते परत काढता येत नाही आणि आम्ल आतच कोंडते. टाचण्या, स्टेपल, रबर काढून टाकावेत. वर्तमानपत्राची कव्हरे आणि कात्रणे पुस्तकांतून वेगळी करावीत.

कागद माळ्यावर ठेवू नयेत. घराच्या आतल्या, थंड, हवेशीर खोलीत, भिंतीपासून चार बोटे दूर असलेल्या कपाटात ठेवावेत. बांधायला रंग नसलेले मांजरपाट घ्यावे आणि दोनदा धुऊन त्याची खळ काढावी, कारण खळीला कसर लागते. वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कपाटात ठेवावी, पानांच्या मध्ये नव्हे. मधला पाला डाग पाडतो.

ओल आली तर कडक उन्हात घालू नये. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. चुन्याच्या पाण्याचे प्रयोग घरी करू नयेत. काही शाया पाण्यात फुटतात. ते काम शिकलेल्या माणसाचे. आपण फक्त वेळेवर त्याच्याकडे न्यावे.

आणि उलगडेल ते सर्व मोबाईलने, खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून टिपून घ्यावे. छायाचित्र म्हणजे कागद नव्हे, पण गावाचे नाव तरी राहील.

यासाठी मुहूर्तही आपल्या घरी आहे. दसऱ्याला आपण सरस्वतीपूजनाला ग्रंथ काढतोच. त्याच दिवशी वर्षातून एकदा प्रत्येक पुस्तक उघडून पाहावे, धूळ मऊ कुंच्याने झटकावी, काय कुठे आहे त्याची यादी करावी. हळद-कुंकू मात्र पुस्तकावर न वाहता समोर ठेवलेल्या कोऱ्या कागदावर वाहावे. देवीला ते पोहोचते.

यंदा आमच्या घरी मोडी कागद, पोथ्या आणि आजीची वही खालच्या खोलीतल्या लाकडी कपाटात आली आहेत. ट्रंकेत मखराचे सामान गेले. धाकट्या मुलीने यादी केली आहे. आजीच्या वहीसमोर तिने लिहिले: "पहिले पान खराब, बाकीची ४६ चांगली." ती सेहेचाळीस आता खराब होऊ द्यायची नाहीत, एवढे आम्ही ठरवले आहे. आपल्या मंडळातल्या प्रत्येक घराने दसऱ्यापर्यंत आपली एक यादी करावी आणि तिची एक प्रत मंडळाकडे द्यावी, ही माझी नम्र विनंती. आणि या स्मरणिकेच्या दोन प्रती कोणीतरी मांजरपाटात बांधून ठेवाव्यात.

गणपती बाप्पा मोरया!